जोडाच्या खालचा मी

मित्रांनो, सफरचंदाच्या झाडाचे चित्र काढायला सांगितले तर तुम्ही लाल फळे काढाल, हिरवी पाने काढाल, तपकिरी खोड काढाल, आणि खाली एक सरळ रेघ मारून कागद बाईंना द्याल. मी त्या रेघेच्या खाली असतो.

मी खुंट आहे. जमिनीतली सगळी मुळे आणि जमिनीवर वीतभर खोड, एवढाच मी. माझ्या वर जे डौलदार झाड उभे आहे ते दुसऱ्या झाडाची काडी आणून माझ्यावर बांधलेले आहे. याला कलम म्हणतात. फळाला, पानाला, बाजारातल्या पाटीला वरच्याचे नाव मिळते. थंडी मात्र माझ्या वाट्याला येते. माझी तक्रार नाही. पण आता मी गप्पही बसणार नाही, कारण माझ्या नावावर एक चूक खपवली गेली आहे आणि ती माझी नाही.

ऑस्ट्रेलिया म्हटले की तुम्हाला ऊन आणि समुद्र आठवत असेल. मी राहतो तिथून समुद्र दिसत नाही. कूमा गावाच्या पुढे एक उंच, उघडा माळ आहे. जून ते ऑगस्ट इथे हिवाळा असतो. पारा शून्याच्या खाली दहा-अकरा अंश जातो, टाकीच्या नळाला बर्फाची दाढी येते, आणि बर्फाची चादरही नीट पडत नाही, की खाली मुळांना ऊब मिळावी. नुसता कोरडा, नागवा गारठा. अशा जागी मी आठ हिवाळे काढले आहेत. नववाही काढीन.

माझी गोष्ट मी शेवटच्या साध्या दिवसापासून सुरू करतो.

तो ऑगस्टमधला रविवार होता. चंद्रहास सकाळपासून माझ्या वरच्या झाडाची छाटणी करत होते. चंद्रहास म्हणजे मला इथे लावणारे गृहस्थ. वय अठ्ठ्याहत्तर. मूळचे पुण्याचे, नोकरीची सगळी वर्षे सिडनीत पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यावर या माळावर पाच एकर जमीन आणि एक छोटे घर घेऊन राहिले. त्यांची एकुलती मुलगी सुरुची सिडनीत क्वेकर्स हिलला राहते. ती एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार ती पाच तास गाडी चालवून वडिलांकडे येत असे. त्या रविवारी ती आलेली होती.

तिने माझ्याभोवती पेंढा घातला होता. चांगला गुडघाभर.

“हे काय केलंस?” चंद्रहासांनी विचारले.

“गारठा किती आहे, बाबा. थोडा पेंढा घातला.”

“थोडा? मफलर गुंडाळलास त्याला.” ते खाली बसले आणि हातमोजे काढून दोन्ही हातांनी पेंढा बाजूला करू लागले. “पायाशी घाल, गळ्याशी नको. हा जोड बघ, इथे काडी बसवलीय. हा कायम उघडा पाहिजे. तो झाकला की वरचं झाड स्वतःची मुळं सोडतं. मग खालच्याला कोण विचारतो?”

“तुम्ही विचारता की.”

“मी तर विचारतोच.”

ती हसली. चंद्रहासांनी पुन्हा कात्री चालवायला घेतली. मग ती म्हणाली, “बाबा, एक सांगायचं होतं.”

कात्री थांबली. “सांग की.”

वारा होता. ती पेंढ्याची एक काडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“आमटी फ्रीजमध्ये ठेवलीय. आजच संपवा.”

चंद्रहासांनी तिच्याकडे, आमटीसाठी जितके पाहावे लागते त्यापेक्षा थोडे जास्त पाहिले. “गूळ घातलास?”

“घातला.”

“मग संपेल.”

दोन वाजता ती निघाली, कारण सोमवारी सकाळी शिफ्टला जायचे होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते फाटकाशी उभे होते. परत येऊन त्यांनी माझ्या जोडावर अंगठा टेकवला. हे ते रोज करत. “उद्या वाळूतले काढू,” ते म्हणाले. वाळूतले म्हणजे काय, ते मी पुढे सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मेंढपाळ मर्वला आमच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला नाही. तो कुंपण ओलांडून आला. चंद्रहास झोपेतच गेले होते.

आता मागे जातो.

माझा जन्म सांगणे सोपे नाही. माझी मूळ माता फार थंड देशात, दुसऱ्या माणसांनी निवडून वाढवली. तिची फांदी मातीत दाबली की तिला मुळे फुटतात. ती कापून वेगळी केली की नवा खुंट होतो, आणि त्याचीही फांदी दाबता येते. असे करत करत आम्ही जगभर पोहोचलो. मी तिचे मूल आहे की तीच आहे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमची पाने लालसर असतात. साल लाल, आणि मूळ कापले तर आतले लाकूडही लाल. हे लक्षात ठेवा. पुढे सगळे यावरच येणार आहे.

आमचे नाव म्हणजे एक अक्षर आणि तीन आकडे. अशा नावाची कोणी कविता करत नाही. मलाही नको आहे.

चंद्रहासांनी जमीन घेतली तेव्हा त्यांचे मित्र त्यांना हसले. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र शिरीषकाका सिडनीत वेंटवर्थव्हिलला राहतात. ते म्हणाले, “चंद्या, सफरचंदं आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पिशवीत भरून देतात. पाच तास गाडी हाकावी लागत नाही.” मर्व तर कुंपणावर हात टेकून खो खो हसला. तो त्यांना चॅझ म्हणत असे. “चॅझ, मेट, ही मेंढ्यांची जमीन आहे. थंडीत इथे मेंढ्यासुद्धा कुरकुरतात.”

“मेंढीला लोकर असते,” चंद्रहास म्हणाले. “मला लोकर असलेलं झाड शोधायचंय.”

आणि त्यांनी खरेच शोधले. बहुतेक लोक आधी सफरचंद निवडतात: गोड की आंबट, लाल की हिरवे. चंद्रहासांनी पहिल्या वर्षी एकही झाड लावले नाही. त्यांनी एक खड्डा खणला, त्यात तीन वेगवेगळ्या खोलींवर थर्मामीटर पुरले, आणि अख्खा हिवाळा रोज सकाळी कानटोपी घालून आकडे लिहिले. पूल बांधताना आधी पाया बघतात, तसे ते आधी खालच्याची चौकशी करत होते. सुरुचीला ते समजावून सांगत. “खुंटाला तीन प्रश्न विचारायचे. हिवाळ्याआधी वेळेवर झोपतोस का? किती खोल जातोस? आणि उपाशी किती दिवस राहशील? गोडीचं नंतर बघू.”

मी तिन्ही प्रश्नांत पास झालो. मर्वच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बागवानाकडे माझ्यासारखे दोन-चार खुंट होते. त्याने मला ओल्या गोणपाटात गुंडाळून दिले. माझ्यावर बसवायची काडी चंद्रहासांनी कुठून आणली, माहीत आहे? हायवेच्या कडेला, तारेच्या कुंपणात अडकलेले एक रानटी सफरचंदाचे झाड होते. कधीतरी कोणीतरी धावत्या गाडीतून खाल्लेल्या सफरचंदाचा गाभा फेकला असेल, त्यातून उगवलेले. त्याला कोणी पाणी घातले नव्हते, तरी ते फळांनी वाकले होते. चंद्रहासांनी गाडी बाजूला घेतली, एक फळ चाखले आणि म्हणाले, “हा वर, तो खाली. दोघे एकाच जातीचे हट्टी.”

घराच्या पायरीपासून चार पावलांवर त्यांनी मला लावले. पुढे माझ्या रांगेत आणखी एकोणीस झाडे येणार होती. ती मात्र नर्सरीतून तयार मागवायची ठरली.

मित्रांनो, आता नीट ऐका.

मोबाइलला सिग्नल फक्त आमच्या पायरीवर येतो. त्या दिवशी बापलेक पायरीवर बसले होते. चंद्रहासांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्याआधी सहा महिने हृदयाच्या दोन नळ्यांत जाळ्या बसवल्या होत्या. सुरुची रोज लोकांच्या औषधांच्या याद्या वाचते. कोणती गोळी कोणत्या गोळीशेजारी आली की काय समजायचे, हे तिला समजते. वडिलांची यादी तिने वाचली होती.

“फॉर्म तूच भर,” चंद्रहास म्हणाले. “त्या चिमुकल्या चौकोनात मला काही दिसत नाही. एकोणीस. खुंट याच्यासारखाच. एक अक्षर, तीन आकडे. नीट बघून टाक.”

“याला फळ कधी येतं, बाबा?”

“पाच वर्षं धर. सहा. घाई काय आहे?” असे म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

सुरुची ओठांतल्या ओठांत वाचत होती, म्हणून मला ऐकू आले. पहिल्या ओळीत आमचे नाव होते. त्याच्या खाली दुसरा एक खुंट होता, दोन अक्षरे आणि तीन आकड्यांचा. तो चांगल्या घराण्यातला आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. उबदार जागी तो सोन्यासारखा. दोन-तीन वर्षांत फळ देतो. पण तो उशिरापर्यंत जागतो. हिवाळा दाराशी आला तरी त्याची वाढ चालूच असते. आमच्या माळावर तो येता कामा नये, हे चंद्रहासांनी तिला दहा वेळा सांगितले होते.

“दोन-तीन वर्षं,” ती पुटपुटली. मग तिने बोटाने खालची ओळ दाबली.

चंद्रहास दोन कप घेऊन बाहेर आले. “गेली ऑर्डर?”

“गेली.”

मी ओरडलो असतो. खुंटाला तोंड नसते.

पुढच्या हिवाळ्यात खोका आला. ओल्या भुशात मुळे गुंडाळलेली एकोणीस रोपे. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी, पाटीवर फक्त वरच्या सफरचंदाचे नाव. खालच्याचे नाव नेहमीप्रमाणे कुठेच नव्हते. सुरुची टाकीवर बादली भरत होती, तिची पाठ होती. लावण्याआधी तुटकी मुळे छाटायची असतात. चंद्रहासांनी पहिल्या रोपाचे मूळ चाकूने छाटले.

आत लाकूड पांढरे होते.

त्यांनी दुसरे छाटले. पांढरे. तिसरे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. चुकीच्या जाडीच्या सळ्या आल्या तर ट्रकच्या ट्रक परत पाठवणारा हा माणूस होता.

“काय झालं, बाबा?” सुरुची बादली घेऊन आली.

“काही नाही. मुळं छान आहेत.”

आणि त्यांनी एकोणीसच्या एकोणीस रोपे लावली. मला फार राग आला. मी त्यांच्याशी बोललो नाही. तसा मी कधीच बोललो नव्हतो, पण त्या दिवशी ठरवून बोललो नाही. त्यांनी प्रत्येक रोपाभोवती काळे दगड मांडले, दिवसाचे ऊन थोडे तरी साठून राहावे म्हणून. माझ्याभोवती त्यांनी एकही दगड मांडला नव्हता. तेव्हा मला कळले की आपण काय लावत आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

तिसऱ्या मार्चमध्ये त्या झाडांना फळे धरली. सगळी मिळून तेवीस. मी तोवर एक फूलही काढले नव्हते. मी खोल जात होतो. बापलेक पायरीवर बसले. चंद्रहासांनी सफरचंद सदऱ्याला पुसले आणि सालीसकट, बियांपर्यंत खाल्ले.

“गोड आहे?” सुरुचीने विचारले.

“आहे ना.” ते फळाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

ती हसली. तसे हसताना मी तिला आधीही पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. मित्रांनो, मी रागावलेला होतो, तरी एवढे कबूल करतो की ते सफरचंद खरे होते.

त्या वर्षी शरद ऋतू लांबला. एप्रिलमध्ये मी पाने टाकली आणि झोपलो. माझे शेजारी मेमध्येही हिरवेगार होते, नवी पालवी काढत होते, आणि मला आळशी म्हणत असावेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पारा एकदम शून्याखाली अकरा अंश गेला. साल फुटल्याचा आवाज मी ऐकला. एका पाठोपाठ एक, वाळलेली शेंग तडकावी तसा.

ऑक्टोबरमध्ये मी डोळे उघडले. माझे शेजारी उघडणार नव्हते. चंद्रहासांनी नखाने एकेकाची साल खरवडून पाहिली. आत सगळे करडे होते.

नोव्हेंबरमध्ये शिरीषकाका फराळाचे डबे घेऊन आले. रांगेकडे पाहून ते म्हणाले, “वा, चंद्या! आयुष्यभर पुलांची गणितं बरोबर आली, आणि झाडांनी नापास केलं!”

सुरुची हातात बशा घेऊन दारात उभी होती. तिचे तोंड उघडले होते. ती बोलणार होती, मी शपथेवर सांगतो.

“हो रे,” चंद्रहास घाईने म्हणाले. “माझी निवड चुकली. सुरुची, चहा टाक ना जरा.”

ती आत गेली. तिने चहा टाकला. आणि ती वेळ निघून गेली.

त्यानंतर ही गोष्ट पसरली. मर्व म्हणाला, “सांगितलं होतं मी, चॅझ.” सिडनीतल्या गणपतीत लोक त्यांना विचारत, “काय, शेतकरी, सफरचंदं कधी?” आणि ते हसून म्हणत, “खुंट चुकीचा निवडला हो.” ती झाडे पांढऱ्या मुळांची होती! मेले ते माझे कोणी नव्हते! मी इथे, त्याच रांगेच्या तोंडाशी, धडधाकट उभा होतो. एकाही माणसाला वाकून विचारावेसे वाटले नाही की एकोणीस गेली तर हा विसावा कसा राहिला? लोक वर बघतात, फळ दिसले नाही की निघून जातात.

सुरुचीनेही विचारले नाही, कारण तिला माहीत होते. आणि आपल्या वडिलांना माहीत नाही, असे तिला वाटत होते. असे दोघे एकाच पायरीवर बसून चार वर्षे चहा पीत राहिले.

सहाव्या वर्षी मी फळ दिले. चंद्रहासांनी म्हटले होते त्याच वर्षी. एकतीस सफरचंदे, एकाही डागाशिवाय. चंद्रहासांनी पहिले तोडले, अर्धे सुरुचीला दिले. त्यांचे वय तेव्हा शहात्तर होते. औषधांच्या यादीत दोन गोळ्या वाढल्या होत्या, आणि त्यांनी त्या याद्यांना जुमानले नव्हते. सुरुची ते अर्धे फळ हातात धरून खूप वेळ बसली. तिने ते खाल्ले, पण हसली नाही.

त्याच्या आधीच चंद्रहासांनी एक काम सुरू केले होते, कोणाला न सांगता. माझ्या बुंध्यातून एखादा लाल फुटवा निघाला की लोक तो कापून फेकतात. चंद्रहासांनी फेकला नाही. तो वाकवून मातीखाली दाबला आणि वर एक वीट ठेवली. वर्षभराने त्याला मुळे फुटली. मग आणखी एक. तीन हिवाळे हे चालले. मुळे फुटलेले तुकडे ते शेडच्या भिंतीलगत वाळूत लावून ठेवत. शेवटच्या हिवाळ्यात मी मोजले. एकोणीस झाले होते. सगळे माझे, सगळे लाल. “उद्या वाळूतले काढू,” म्हणाले, ते हे.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुम्ही कधी कलमाचे झाड लावलेत तर त्याचा जोड मातीने किंवा मायेने, कशानेही झाकू नका. पाटीवर दोन नावे लिहा. आणि एखादे झाड मेले तर कोणाला दोष देण्याआधी मूळ कापून त्याचा रंग पाहा.

आता राहिलेली थोडी गोष्ट.

चंद्रहास गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुरुची आली. बरोबर शिरीषकाका होते. दिवसकार्य सिडनीत झाले होते. घर आवरायचे होते. काका दिवसभर खोकी भरत होते आणि प्रत्येक वस्तू खोक्यात टाकताना तिच्याशी भांडत होते. “हा थर्मामीटर बघ. तीन-तीन! माणसाला ताप किती यावा?” मग नाक शिंकरत होते.

दुपारी सुरुची पायरीवर येऊन बसली. हातात ओल्या वर्तमानपत्राची लांबट गुंडाळी होती.

“काका, आमटीचा डबा घासून पालथा घातलाय बाबांनी.”

“मग? चंद्या उष्टा डबा ठेवेल होय? आणि हे काय?”

“फ्रीजमध्ये होतं. अगदी मागे.”

तिने गुंडाळी उघडली. आत माझ्या वरच्या झाडाच्या काड्या होत्या, पेन्सिलीएवढ्या, कलमासाठी कापून ठेवलेल्या. त्यांना चिठ्ठी बांधली होती. चंद्रहासांचे अक्षर सरळ, पट्टीने आखल्यासारखे. सुरुचीने वाचले, आणि मग मोठ्याने वाचले.

“काड्या एकोणीस, हायवेचं झाड. खुंट एकोणीस, लाल, घरचे. या वेळी ऑर्डर करायची नाही.”

ती चिठ्ठी तिने तीन वेळा वाचली. तिने रांगेतल्या काळ्या दगडांकडे पाहिले. झाडे उपटून कधीच नेली होती, दगडांची एकोणीस कडी तशीच होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. माझ्याभोवती दगड नव्हते. ते तिला आज पहिल्यांदा दिसले असावे.

शिरीषकाका तिच्याजवळ बसले. “सुरू, एक सांगू? विकून टाक हे. तुझी नोकरी तिकडे, घर तिकडे. इथे सफरचंद होत नाही, हे चंद्याने स्वतः कबूल केलं होतं. मोठ्या मनाचा माणूस, चूक लपवली नाही त्याने. आयुष्यात एवढी एकच निवड चुकली बघ त्याची.”

सुरुची उठली. शेडमधून चंद्रहासांचा चाकू घेऊन आली. वाळूतला एक खुंट तिने उपटला आणि काकांसमोर त्याचे मूळ छाटले.

“कोणता रंग आहे, काका?”

“लाल. का?”

“याचा लाल.” तिने चाकूचे टोक माझ्याकडे केले. “आणि जी मेली त्यांचा पांढरा होता. बाबांनी लाल निवडला होता. फॉर्म मी भरला होता. मी दुसरा टाकला.”

काकांच्या हातात अजून एक थर्मामीटर होता. तो त्यांनी हळूच पायरीवर ठेवला.

“बाबांची निवड चुकली नव्हती,” ती म्हणाली. “गणपतीतल्या सगळ्यांना सांगा. मर्वला मी सांगते. चुकली ती मी.”

“अगं, पण चंद्या तर म्हणायचा...”

“ते मला वाचवायला म्हणायचे. चार वर्षं.”

“आणि तू का बदललंस पण? तुला तर सगळं ठाऊक होतं.”

ती माझ्याजवळ खाली बसली. गेल्या तीन आठवड्यांत वाऱ्याने माझ्या गळ्याशी पुन्हा पेंढा आणून टाकला होता. तिने तो दोन्ही हातांनी बाजूला केला, मूठ मूठ करून, जोड पूर्ण उघडा होईपर्यंत. मग त्यावर अंगठा टेकवला. तिचा अंगठा त्यांच्यापेक्षा लहान आहे, पण दाब तोच होता.

“मला वाटलं, तुमच्याकडे पाच वर्षं नाहीत,” ती म्हणाली, आणि आता ती काकांशी बोलत नव्हती. “बाबा, मी तुमची वर्षं मोजली होती.”